लिफ्टमधले चार किलो

रविवारी सकाळी साडेसातला आप्पाजी वजनकाट्यावर उभे राहिले आणि भागुबाई चष्मा पुसून काट्यापुढे वाकल्या.

"किती?" आप्पाजींनी वर छताकडे बघत विचारलं. देवाचं नाव घ्यायचं तर वर बघावं, असा त्यांचा हिशेब.

"बासष्ट."

"नीट बघ. सुई जरा पुढं असंल."

"सुई हाय तिथंच हाय. उतरा."

"अगं, बुधवारपासून बुवांचं कीर्तन हाय."

"पासष्ट व्हायचंय. पासष्टच्या खाली उंबरा वलांडायचा न्हाई. डॉक्टर काय म्हणला, तुमच्यासमोरच म्हणला न्हवं?"

तीन महिन्यांपूर्वी आप्पाजींना विषमज्वराने गाठलं. एकवीस दिवस ते अंथरुणावर होते. त्यातून उठले तेव्हा त्यांचा सदरा खुंटीला टांगल्यासारखा खांद्यांवर लोंबत होता. डॉक्टर जाता जाता म्हणाले होते, "पासष्टपर्यंत आले की हिंडा-फिरा." डॉक्टर बोलून विसरले. भागुबाईंनी मात्र ते वाक्य देवघरातल्या घंटेसारखं रोज वाजवलं.

आप्पाजी म्हणजे निपाणीचे निवृत्त पोस्टमास्तर. मुलगा महांतेश बेंगळूरला बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लागला, जे. पी. नगरात नवव्या मजल्यावर फ्लॅट घेतला, तेव्हापासून दोघं इथेच. निपाणी सुटली, पोस्ट सुटलं, पण कीर्तन सुटलं नाही. योगीराजबुवा कीर्तनाला उभे राहिले की त्यांच्या मागे झांजा घेऊन आप्पाजी उभे, हा तीस वर्षांचा नेम होता. बुवा इथेही दर साली गल्लीच्या टोकाच्या दत्तमंदिरात पाच दिवस येत. यंदा त्यांनी फोनवर सांगितलं होतं, "आप्पाजी, गुडघे म्हणतात पुरे. बेंगळूरची ही शेवटची खेप."

शेवटची खेप, आणि मागे झांजा दुसऱ्याच्या हातात! हे काही आप्पाजींच्या गळ्याखाली उतरेना. तसं हल्ली त्यांच्या गळ्याखाली फारसं काहीच उतरत नव्हतं, खरी अडचण तीच होती.

वजनकाटा घरचा नव्हता. तळमजल्यावरचे बिंदुमाधवराव हायस्कुलात विज्ञान शिकवून निवृत्त झालेले; गोल तबकडीचा, सुईवाला जुना काटा त्यांचा. दर रविवारी तो वर यायचा आणि वजन झालं की आप्पाजी तो पोचवून यायचे. तेवढाच त्यांचा मोकळ्या हवेतला प्रवास.

त्या रविवारी लिफ्टमध्ये शिरल्यावर काटा हातात जड झाला म्हणून त्यांनी तो खाली ठेवला. ठेवला म्हणून त्यावर उभे राहिले. लिफ्ट खाली निघाली आणि त्यांची नजर सुईवर गेली. अठ्ठावन्न!

"दत्ता, दत्ता," आप्पाजी भिंतीला टेकले. दारापासून लिफ्टपर्यंत चार किलो झडले? पण तेवढ्यात सुई पुन्हा बासष्टवर आली आणि तिथेच राहिली. आप्पाजींनी सुटकेचा निःश्वास टाकला. मग तळमजल्याला लिफ्ट थांबता थांबता सुई टुणकन उडाली आणि सहासष्टवर गेली.

आप्पाजींनी पुन्हा नऊचं बटण दाबलं. वर सुटताना सहासष्ट, मध्ये बासष्ट, वर थांबताना अठ्ठावन्न. पुन्हा खाली. पुन्हा वर. चौथ्या फेरीला तळमजल्यावर दार उघडलं तेव्हा समोर बिंदुमाधवराव उभे.

"अय्यो, आप्पाजी! काटा द्यायला निघालात की लिफ्टला प्रदक्षिणा घालताय?"

आप्पाजींनी सगळा प्रकार सांगितला. बिंदुमाधवरावांना निवृत्तीनंतर इतका चांगला प्रश्न कोणी विचारला नव्हता. ते तिथेच जिन्याच्या पायरीवर बसले.

"स्वल्प ऐका, अण्णा. तुमचं वजन आहे तेवढंच आहे. काट्याला ते कळत नाही. काट्याला कळतं की तुम्ही त्याला किती दाबता. लिफ्ट वर सुटते तेव्हा पायाखालची जमीनच तुम्हाला वर ढकलते. स्प्रिंग जास्त दबते, सुई पुढे. खाली सुटते तेव्हा जमीन तुमच्या पायाखालून स्वल्प निसटते. सुई मागे. एकदा वेग धरला की मग काही नाही, घरच्यासारखंच."

"म्हणजे वर सुटताना सहासष्ट."

"दोन सेकंद."

"दोन सेकंद पुष्कळ झाले," आप्पाजी म्हणाले आणि त्यांच्या डोळ्यांत तीन महिन्यांत पहिल्यांदाच काहीतरी चमकलं.

बिंदुमाधवराव हसले. "अक्का पकडतील हं."

"तिला काय कळतंय विज्ञान!"

सोमवारी दुपारी आप्पाजींनी काटा परत मागून आणला आणि खडा टाकला. "भागू, आपल्या घरातली फरशी एकसारखी न्हाई. बिंदुमाधवराव म्हणत होते, काटा एकदम सपाटीवर पायजे. आख्ख्या बिल्डिंगीत सपाट जागा एकच. लिफ्ट. ती यंत्रानं बसवलेली असतीय."

भागुबाईंनी भाकरी थापता थापता विचार केला. तोलाच्या बाबतीत पोस्टमास्तराचा शब्द खाली कसा पाडायचा? आयुष्यभर पार्सलं तोलली, ग्रॅमभर इकडचं तिकडं केलं नाही या माणसानं. "चला," त्या म्हणाल्या.

बेत साधा होता. आधी निमूट तळमजल्याला जायचं, तिथे काट्यावर चढायचं, नऊचं बटण दाबायचं, सुई उडाली की 'बघ, बघ' म्हणायचं आणि खाली उतरायचं. पण बेत आप्पाजींचा होता आणि काटा भागुबाईंच्या हातात. लिफ्टमध्ये पाय टाकताच त्यांनी तो फरशीवर ठेवला.

"चढा."

"इथं नको. खाली गेल्यावर."

"का? सपाटी खाली जास्त हाय? चढा म्हणतो न्हवं." भागुबाई अजून निपाणीच्या बायकांसारखं 'मी म्हणतो'च म्हणायच्या.

आप्पाजी चढले. तेवढ्यात खालून कोणीतरी लिफ्ट बोलावली. दार लागलं, लिफ्ट खाली सुटली आणि भागुबाई चष्मा सावरून वाकल्या.

"अठ्ठावन्न!" त्यांचा आवाज लिफ्टच्या चारी भिंतींना लागून आला. "अठ्ठावन्न! काल बासष्ट, आज अठ्ठावन्न! उतरा. आधी उतरा बघू. चक्कर येतीय काय? डोळं दाखवा."

"अगं थांब, आता बघ, खाली पोचताना..."

"काय बघू? माणूस माझ्यासमोर झिजायलाय आणि बघू काय!"

तळमजल्याला लिफ्ट थांबली तेव्हा काटा भागुबाईंच्या काखेत होता आणि आप्पाजींचा दंड त्यांच्या मुठीत.

त्यानंतरचे दोन दिवस आप्पाजींनी अंथरुणावर काढले. नाचणीची आंबील, मुगाचं कढण, वर पायाला तेल. सून आसावरी मूळची पुण्याची, घरून ऑफिसचं काम करायची. ती दर मीटिंगनंतर डोकावून जायची.

"आप्पा, आर यू ओके? आईंनी मला दर तासाला तुमची पल्स बघायला सांगितलंय."

"मी एकदम ठणठणीत हाय गं."

"मग सांगा ना आईंना."

"सांगायचं तर बरंच सांगायला लागंल," आप्पाजी म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून पडले.

बुधवारी संध्याकाळी सहाला वारा दत्तमंदिराकडून वाहत होता. गॅलरीत पेटीचे सूर आले, मागोमाग तबल्याची थाप, मग बुवांचा खडा आवाज. नमनाचे शब्द काही नवव्या मजल्यापर्यंत पोचत नव्हते, नुसती चाल पोचत होती. आप्पाजींची बोटं पांघरुणाखाली आपोआप झांजांचा ठेका धरू लागली. कोणीतरी दुसरंच झांजा वाजवत होतं, आणि समेवर दर वेळी कणभर उशिरा येत होतं. आप्पाजींच्या डोळ्यांच्या कडा ओलावल्या. भागुबाई दारात उभ्या होत्या. त्यांनी ते पाहिलं आणि गॅलरीचं दार आणखी थोडं उघडून ठेवलं.

गुरुवारी सकाळी भागुबाई भाजी आणायला खाली गेल्या आणि पाच किलोचा लाल भोपळा घेऊन वर आल्या. पिशवी ओट्यावर ठेवली, आपल्या हाताकडे पाहिलं, परत पिशवी उचलून पाहिली, परत ठेवली.

"काय झालं आई? जड होती का पिशवी? मला कॉल करायचा ना," आसावरी म्हणाली.

"न्हाई. जड न्हवती," भागुबाई म्हणाल्या. "मध्येच झाली हुती."

जेवणानंतर आप्पाजींनी भीत भीत विषय काढला. "भागू, सोमवारी त्या काट्याचं काहीतरी बिनसलं हुतं. एकदा परत बघायचं? या खेपेला खालनं वर येताना."

आता आरडाओरडा होणार म्हणून त्यांनी डोळे मिटून घेतले. पण भागुबाई नुसत्या म्हणाल्या, "खालनं वर येताना व्हय? बरं. चला."

तळमजल्यावर आप्पाजी काट्यावर चढले. भागुबाई वाकल्या. बटण आप्पाजींनी स्वतः दाबलं. दार लागलं, लिफ्ट वर सुटली, सुई उडाली.

"बघ, बघ, बघ!"

"सहासष्ट," भागुबाई म्हणाल्या.

आप्पाजी टुणकन खाली उतरले. "पाय अवघडले," ते कुठेतरी पंख्याकडे बघत म्हणाले.

भागुबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. बराच वेळ, म्हणजे साधारण तिसऱ्या मजल्यापासून आठव्यापर्यंत पाहिलं. मग म्हणाल्या, "सरी, ठीक हाय. जावा कीर्तनाला. मफलर घ्या."

त्या संध्याकाळी आप्पाजी झांजा घेऊन उभे राहिले. बुवांनी मागे वळून पाहिलं, पागोटं सावरलं आणि हसले. पूर्वरंग असा रंगला की मंडपात मान डोलवत नाही असा माणूस उरला नाही. मध्यंतरात बुवांनी आप्पाजींच्या कपाळाला बुक्का लावला, गळ्यात हार घातला आणि लोकांकडे वळून खणखणीत आवाजात सांगितलं:

"मंडळी, रविवारी समाप्तीला तुळेचं आख्यान लावणार आहे. आणि आख्यानाबरोबर प्रत्यक्ष तुळाही होणार. आमचे आप्पाजी दुखण्यातून उठले. त्यांच्या भारंभार गूळ दत्ताला वाहीन, असा भागुबाईंचा नवस आहे. मोठा तराजू येणार आहे. सगळ्यांनी यायचं!"

लोकांनी टाळ्या वाजवल्या. आप्पाजींची झांज हातातून सुटली ती थेट तबल्यावर पडली.

घरी येताना त्यांनी चाचरत विचारलं, "नवस? मला बोलली न्हाईस."

"नवस देवाला बोलायचा असतोय," भागुबाई म्हणाल्या. "महांतेश चिकपेटेतनं तराजू आणतोय. लोखंडाच्या दुकानात पडून हुता म्हणं, दोन फळ्या, साखळ्या. आणि गूळ सांगून ठेवलाय."

"किती सांगितलास?"

"तुमच्या वजनाएवढा."

आप्पाजींना रात्री झोप आली नाही. डोळ्यांपुढे एकच देखावा. एका पारड्यात गुळाच्या ढेपा, सहासष्ट किलो. दुसऱ्यात आपण, बासष्ट. ढेपा जमिनीला आणि आपण साऱ्या मंडपासमोर हवेत, पाय हलवत. बरं, आपली शोभा झाली तर झाली. पण लोक म्हणतील, भागुबाईला नवस मोजता आला नाही. बाई हौसेनं देवापुढे उभी राहील आणि तोंडघशी पडेल. तीही आपल्यामुळे. लबाडी दोन सेकंदांची, आणि ती थेट दत्तापुढे टांगली जाणार.

शुक्रवारी सकाळीच ते बिंदुमाधवरावांकडे गेले.

"तो तराजू लिफ्टमध्ये टांगता येईल काय हो?"

"अण्णा, काही उपयोग नाही. तराजूत दोन पारडी. लिफ्ट वर सुटली की तुम्ही जड व्हाल, आणि गूळही तेवढ्याच हिशेबानं जड होईल. दोघं एकत्र चढणार, एकत्र उतरणार. काटा फसतो, तराजू फसत नाही."

"मग आता?"

"खा," बिंदुमाधवराव म्हणाले.

आप्पाजी खायला लागले. दोन दिवसांत त्यांनी डझनभर केळी, तीन वाट्या शिरा, तूपभात, मंदिरातला प्रसाद दोनदा, आणि आसावरीच्या फ्रिजमधलं कसलंसं चीज खाल्लं. शनिवारी संध्याकाळी गुपचूप वजन केलं. साडेबासष्ट. तेही ढेकर देण्याआधी.

रविवारी दुपारी बिंदुमाधवरावांनी शेवटचा उपाय पुढे ठेवला. खांद्याच्या व्यायामासाठी घेतलेली एकेक किलोची दोन डंबेल्स. आप्पाजींनी घरातून दीड किलोचा पितळी बत्ता आणला. डंबेल्स कोटाच्या आतल्या खिशांत गेली, बत्ता उपरण्यात गुंडाळून कमरेला.

"साडेतीन," बिंदुमाधवराव म्हणाले. "सहासष्ट पुरे. पण अण्णा, वाकू नका."

"देवापुढं न वाकता कसं चालंल?"

"मग सावकाश वाका."

मंदिरात मंडप भरला होता. आडव्या तुळईला तराजू टांगलेला, साखळ्यांना झेंडूच्या माळा. एका पारड्यात पानं अंथरून त्यावर गुळाच्या ढेपा रचलेल्या. महांतेश बाजूला घाम पुसत उभा. बुवांनी द्वारकेतल्या तुळेचं आख्यान अशा रंगाला आणलं होतं की देव आत्ता पारड्यात बसतो की मग, असं सगळ्यांना झालेलं. "भावाचं पारडं!" म्हणून बुवांनी चिपळ्या वर उचलल्या आणि आप्पाजींना खूण केली.

आप्पाजी सावकाश वाकले. सावकाश उठले. मनातल्या मनात म्हणाले, "दत्ता, हे माझ्या माथी घाल. तिची लाज राख." आणि पारड्यात बसले.

पारडं धाडकन जमिनीला टेकलं. समोरच्या ढेपा झोक्यासारख्या वर गेल्या. एक झेंडूची माळ तुटून पेटीवाल्याच्या डोक्यावर पडली.

"अरे वा! आप्पाजी, तब्येत सुधारली की!" कोणीतरी ओरडलं.

आप्पाजी गोंधळले. सहासष्टला सहासष्ट, मग आपण खाली कसे? बुवांच्या चिपळ्या वरच थांबल्या होत्या. तबलजीने हात मांडीवर ठेवले. तेवढ्यात भागुबाई पदर सावरत पुढे आल्या, जणू पारड्याला हळद-कुंकू लावायला वाकल्या, आणि हळूच म्हणाल्या:

"बत्ता द्या इकडं. दुपारपासनं हुडकायलोय. चटणी कुटायची राहिलीय."

आप्पाजींनी कमरेचा बत्ता सोडून दिला. भागुबाईंनी तो पदराखाली घेतला.

"आणि खिशातलं. बिंदुमाधवरावांचं खांदं आखडतील."

एक डंबेल आलं. दुसरंही आलं. पारडं जमिनीवरून उठलं, वर आलं, डुललं. आता ते समोरच्या पारड्यापेक्षा बोटभरच खाली होतं.

"शिरा," भागुबाई म्हणाल्या आणि कमरेच्या पिशवीतून अर्ध्या किलोची गुळाची भेली काढून त्यांनी समोरच्या ढेपांवर ठेवली. दोन्ही पारडी समोरासमोर येऊन उभी राहिली.

मंडपात "दिगंबरा" चा गजर झाला. बुवांच्या चिपळ्या एकदाच्या खाली आल्या. त्या गजरात दोघांचं बोलणं कोणालाच ऐकू आलं नाही.

"बासष्टच आणलास?"

"मग? तुम्ही बासष्टच हाय."

"पण तू सहासष्ट वाचलंस न्हवं?"

"वाचलं. गुरुवारी सकाळी भोपळा घेऊन वर आलो. लिफ्ट सुटताना पिशवी हाताला जड लागली आणि थांबताना हलकी. भोपळ्याला काय विषमज्वर झालता? मनात म्हटलं, अस्सं!"

आप्पाजींची मान खाली गेली. "मग जाऊ कसं दिलंस? अट तर पासष्टची हुती."

"पासष्ट डॉक्टरचं. दत्ताला मी किलो बोललोच न्हवतो." भागुबाईंनी त्यांच्या कपाळाला कुंकू लावलं. "माझा माणूस पहिल्यासारखा कर, एवढंच बोललो हुतो. तीन म्हैनं तुम्ही देईल ते औषध घेतलंसा, झोप म्हटलं की झोपलासा, एकदाबी उलट बोलला न्हाईसा, एक लबाडी न्हाई. भीती वाटायची मला. गुरुवारी लिफ्टमध्ये पंख्याकडं बघून 'पाय अवघडले' म्हटलासा, तवा म्हटलं, आला. माझा माणूस आला परत. उतरा आता, बुवा थांबल्यात."

आप्पाजी उतरले, झांजा उचलल्या आणि बुवांच्या मागे आपल्या जागी उभे राहिले. त्या संध्याकाळी एकही सम चुकली नाही.

साडेआठला मंडळी घरी परतली. महांतेश आणि आसावरी तराजू टेम्पोत चढवायला मागे राहिले होते. भागुबाईंच्या हातात प्रसादाच्या गुळाची भरलेली पिशवी होती. लिफ्टचं दार लागलं तशी त्यांनी ती आप्पाजींच्या हातात दिली.

"धरा जरा."

लिफ्ट वर सुटली. पिशवीने आप्पाजींचा हात खाली ओढला. आठवा मजला गेला, नववा आला, आणि लिफ्ट थांबायला लागली तशी भागुबाईंनी हात पुढे केला.

"आणा. आता मी घेतो."